गरिबांचा कायदा व गरिबांचे संसार

इ. स. १७८७ च्या जानेवारी महिन्याच्या २५ तारखेस इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांतला एक धर्मोपदेशक घोड्यावर बसून शेजारच्या रिंगलंड गांवीं एक लग्न लावावयास गेला. त्याचें नांव जेम्स वुडफर्ड. तो स्वतः वेस्टन लाँगव्हिल येथला रेक्टर. परंतु रिंगलंडचे उपाध्याय त्या दिवशीं परगांवीं असल्यामुळें हें काम त्याच्या वांट्यास आलें. वर अटकेंत होता. वधू गरोदर होती. चर्चच्या अंगणांत त्या माणसाची समजूत घालण्यांत बराच वेळ गेला, आणि वेदीपुढें उभा राहिल्यावरहि त्याचें वर्तन प्रसंगास शोभेसें नव्हतें. अखेर लग्न लागलें. पॅरिशच्या अधिकाऱ्यांनीं उपाध्यायाच्या हातावर साडेदहा शिलिंग ठेविले, आणि घरीं परतल्यावर वुडफर्डनें आपल्या रोजनिशींत नमूद केलें कीं, कायद्याच्या जोरावर कोणास लग्न करावयास लावणें ही क्रूरपणाची गोष्ट आहे, व असल्या माणसांचीं लग्नें लावणें आपणांस मुळींच रुचत नाहीं. हा वुडफर्ड कोणी सुधारक नव्हे. त्याच्या रोजनिशीचीं पानेंच्या पानें जेवणांत कोणकोणते पदार्थ होते याच्या वर्णनांत खर्ची पडलीं आहेत. अशा सुखवस्तु, खाण्यापिण्यांत रमणाऱ्या गृहस्थाच्या लेखणींतून एवढी कुरकुर निघाली, यावरून त्या लग्नाचा देखावा काय असेल याची कल्पना करावी.

लग्नाचा खर्च वरपक्षानें सोसावा कीं वधूपक्षानें, हा वाद आपल्या घरांत कांहीं नवा नाहीं. परंतु येथें खर्च करणारा पक्ष तिसराच होता. गांवचे करदाते आपल्या पैशानें परवाना काढून, उपाध्यायास दक्षिणा देऊन, एका मजुराचें एका मोलकरणीशीं लग्न लावीत होते, आणि त्यांत त्यांचा रोकडा फायदा होता. तो कसा, हें समजावयास इंग्लंडांतील गरिबांच्या कायद्याकडे थोडें वळलें पाहिजे.

एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १६०१ सालीं, त्या कायद्यास कायम स्वरूप आलें. प्रत्येक पॅरिशनें, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील वस्तीनें, आपल्या निराधारांचें पोषण करावें. त्यासाठीं घरजमिनीवर पट्टी बसवावी. ती वसूल करण्यास व वांटण्यास दरसाल ओव्हरसीअर नेमावे, अशी ही व्यवस्था होती. पंधरा हजारांच्या आसपास अशा लहानमोठ्या वस्त्या, आणि प्रत्येकीची तिजोरी वेगळी. त्या काळीं युरोपांतील दुसऱ्या कोणत्याहि मोठ्या देशानें गरिबांस पोसण्याचा भार इतक्या सर्रास रीतीनें कायद्यानें उचललेला नव्हता, हें इंग्लंडच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु तिजोऱ्या वेगळ्या झाल्या कीं ‘आपला गरीब’ आणि ‘परका गरीब’ असा भेद उत्पन्न होणें ओघानेंच आलें. १६६२ च्या कायद्यानें त्या भेदावर शिक्कामोर्तब केलें. नव्यानें आलेला मनुष्य उद्यां आपल्या पट्टीवर भार होईल असा संशय आल्यास चाळीस दिवसांच्या आंत त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्यें परत धाडण्याची मुभा गांवास मिळाली. कोणाचा वसतिहक्क कोठें, हा प्रश्न तेव्हांपासून पावणेदोनशें वर्षें इंग्लंडांतील वकिलांच्या चरितार्थाचें एक साधन होऊन बसला.

आतां या वसतिहक्काचे नियम पाहा. लग्न झालें कीं बायकोचा हक्क नवऱ्याच्या पॅरिशमध्यें जाई. औरस मूल बापाच्या हक्कावर जाई. अनौरस मूल मात्र जेथें जन्मेल तेथलें. म्हणजे एखादी अविवाहित मुलगी गरोदर आहे असें कळतांच ओव्हरसीअरच्या डोळ्यांपुढें पुढल्या दहाबारा वर्षांचा खर्च उभा राही. तिला प्रसूतीपूर्वीं गाडींत घालून हद्दीपलीकडे पोंचविलें तर मूल शेजारच्या गांवाचें. आणि तिचें लग्न परगांवच्या माणसाशीं लावून दिलें तर आई व मूल दोघेंहि त्या गांवाचीं. शिवाय १७३३ च्या कायद्यानें एक चांगलें हत्यार हातीं दिलें होतें. गरोदर स्त्रीनें मॅजिस्ट्रेटपुढें शपथेवर ज्याचें नांव घ्यावें त्याला पकडून आणावयाचें. त्यानें पॅरिशला नुकसानभरपाईचा जामीन द्यावा, नाहीं तर तुरुंगांत जावें. जामीन देण्याची ऐपत मजुराजवळ कोठली? तेव्हां त्यानें तुरुंग पत्करावा किंवा लग्न पत्करावें. रिंगलंडच्या चर्चच्या अंगणांत त्या माणसाला जो एवढा वेळ लागला तो या दोहोंतून निवड करण्यास लागला.

राज्यसंस्था लोकांच्या विवाहांत ढवळाढवळ करूं लागली ती विसाव्या शतकांत, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. ज्या दिवशीं समाजानें निराधार मुलाच्या भाकरीची जबाबदारी पत्करली त्याच दिवशीं त्या मुलाचा बाप कोण, आई विवाहित कीं अविवाहित, आणि अजून किती मुलें होणार, हे प्रश्न सरकारी दप्तरांत शिरले. पोसणारा विचारतोच. विचारण्याची रीत माणुसकीची कीं पोलिसाची, एवढाच फरक निरनिराळ्या शतकांत पडत गेला.

१७९५ सालीं या गोष्टीस नवें वळण लागलें. फ्रान्सशीं युद्ध चालू, पीक बुडालेलें, धान्य महाग. त्या वर्षीं ६ मे रोजीं बर्कशर परगण्याचे मॅजिस्ट्रेट न्यूबरीजवळ स्पीनहॅमलंड येथें पेलिकन नांवाच्या खानावळींत जमले. मजुरीचे दर ठरवून द्यावे ही सूचना त्यांनीं बाजूस सारली, आणि त्याऐवजीं भाकरीच्या भावावर एक कोष्टक बसविलें. सुमारें पावणेनऊ पौंड वजनाची पाव-भाकरी एक शिलिंगास मिळत असेल तर कष्टाळू पुरुषास आठवड्यास तीन शिलिंग मिळाले पाहिजेत, आणि बायको व प्रत्येक मूल यांमागें आणखी दीड दीड शिलिंग. मजुरी एवढी भरली नाहीं तर उरलेली तूट पॅरिशनें भरून द्यावी. म्हणजे एकट्या गड्यास तीन, जोडप्यास साडेचार, दोन मुलें झालीं कीं साडेसात. भाकरीचा भाव चढला कीं कोष्टकांतले आंकडेहि चढत. हा पार्लमेंटचा कायदा नव्हता. परंतु दक्षिणेकडील धान्य पिकविणाऱ्या परगण्यांत असल्या कोष्टकांची चाल थोड्याफार फरकानें पसरली. दुसऱ्या वर्षीं मुख्य प्रधान पिट यानें तर कॉमन्स सभेंत असें सांगितलें कीं, मोठ्या कुटुंबाला मदत मिळणें ही लाज वाटण्याची नव्हे, हक्काची व मानाची गोष्ट झाली पाहिजे. स्वतः पिट आजन्म ब्रह्मचारी राहिला ही गोष्ट वेगळी.

मदतीचा हिशेब तोंडांच्या संख्येवर लागला, तेव्हां तोंडें वाढविण्यास उत्तेजन मिळेल ही शंका कोणासहि सुचली असती. परंतु तिला सिद्धान्ताचें रूप दिलें तें सरे परगण्यांतील एका तरुण उपाध्यायानें. टॉमस रॉबर्ट माल्थस याचा लोकसंख्येवरील निबंध १७९८ सालीं निनांवी प्रसिद्ध झाला. १८०३ ची मोठी आवृत्ति त्याच्या नांवानें निघाली. गरिबांच्या कायद्याविषयीं त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. धान्याचा सांठा तेवढाच असतां तुम्ही खाणारे वाढवितां. संसार पोसण्याचें सामर्थ्य नसतां तरुणांस लग्नाची हिंमत देतां. आणि अशा रीतीनें ज्या गरिबांना तुम्ही पोसतां ते बऱ्याच अंशीं तुम्हींच उत्पन्न केलेले असतात. यावर त्यानें सुचविलेला उपाय वाचून आजहि अंगावर कांटा येतो. कायदा झाल्यापासून एका वर्षानंतर जीं लग्नें होतील त्यांच्या संततीस व दोन वर्षांनंतर जन्मणाऱ्या अनौरस मुलांस पॅरिशच्या मदतीचा हक्क राहूं नये. आणि लग्नाची सूचना चर्चमध्यें वाचली जाते त्या वेळीं उपाध्यायानें वधूवरांस ही ताकीद ऐकवावी. बापानें केलेल्या अविचाराची शिक्षा मुलानें भोगावी, यांत त्याला सृष्टिक्रमाविरुद्ध कांहीं दिसलें नाहीं. तरी माल्थस मनानें दुष्ट होता असें मात्र कोणी समजूं नये. ओळखीच्या लोकांत तो अत्यंत सौम्य व प्रेमळ म्हणून प्रसिद्ध होता. उपदेशाप्रमाणें त्यानेंहि वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, नोकरीची शाश्वती झाल्यावर, लग्न केलें. पुढें त्याला अकरा मुली असल्याची थट्टा पसरली ती खोटी. त्याला तीनच अपत्यें झालीं.

माल्थसचें म्हणणें खरें होतें काय? मीं हा विषय वर्गांत अनेक वर्षें शिकविला, आणि पहिलीं कांहीं वर्षें तर त्याचें निदान खरें व औषध खोटें, असें बेधडक सांगत असें. आतां निदानाविषयींहि तितकी खात्री उरलेली नाहीं. वरवर पाहतां आंकडे त्याच्या बाजूचे दिसतात. गरिबांसाठीं होणारा खर्च १७८४ च्या सुमारास वर्षाला वीस लाख पौंड होता, तो १८०३ मध्यें चाळीस लाखांवर गेला व १८१८ च्या सुमारास ऐंशी लाखांच्या जवळ पोंचला. इंग्लंडची लोकसंख्या अठराव्या शतकाच्या मध्यास साठ लाखांच्या आंत होती, ती १८०१ मध्यें सत्त्याऐंशी लाखांच्या घरांत आली. खर्चहि वाढला, माणसेंहि वाढलीं. तेव्हां एकामुळें दुसरें झालें असें म्हणावयास किती सोपें!

परंतु १९६४ सालीं केंब्रिज येथें कांहीं इतिहासकारांनीं लोकसंख्येच्या इतिहासाचा एक अभ्यासगट स्थापन केला, आणि देशभरच्या ४०४ पॅरिशांच्या जन्म-मृत्यु-विवाहाच्या नोंदवह्यांवरून तीन शतकांचा हिशेब मांडला. रिग्ली व स्कोफील्ड यांनीं तो १९८१ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत मुलीचें लग्न सरासरीनें सव्विसाव्या वर्षीं होत असे. तें वय हळूहळू खालीं येत येत शतक पालटतांना तेविसा-चोविसाच्या आसपास आलें. हा उतार स्पीनहॅमलंडच्या कोष्टकाआधीं कित्येक वर्षें सुरू झालेला होता. पेलिकन खानावळींत जमलेल्या मॅजिस्ट्रेटांनीं त्यास सुरुवात करून दिली हें तर शक्यच नाहीं.

मग लग्नें लवकर कां होऊं लागलीं? आपल्या वाचकांना हा प्रश्न थोडा चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे लग्न हें पैसा जमण्याची वाट पाहात नसे. घरांत वडील होते, शेत होतें, सून त्या घरांत यावयाची. इंग्लंडांतील रीत अगदीं निराळी. तेथें लग्न म्हणजे नवें घर, नवी चूल. गरिबांचीं मुलेंमुली चवदाव्या-पंधराव्या वर्षीं घर सोडून शेतकऱ्याच्या घरीं सालदार म्हणून राहात. जेवण-बिछाना धन्याकडे, पगार वर्षाअखेर. अशीं दहाबारा वर्षें कष्ट करून भांडीकुंडी, एखादी गाय, थोडें रोकड गांठीस बांधलें म्हणजे लग्नाचा विचार. धन्याच्या घरांत राहणाऱ्या सालदारास बायको कशी आणतां येणार? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत धान्य महागलें, शेतकरी सधन झाले. आणि नोकरांना आपल्या ताटाला ताट लावून जेवूं घालण्यापेक्षां रोजमजुरीनें लावणें दक्षिणेकडील शेतकऱ्यांस परवडूं लागलें. गाई चारण्याचीं सामायिक कुरणें कुंपणांत गेलीं. आतां विसाव्या वर्षीं जी मजुरी मिळे तीच चाळिसाव्या वर्षींहि मिळणार. ज्याला थांबून कांहीं मिळावयाचें नाहीं तो थांबेल कशाला? सालदारी मोडली तेव्हां लग्नास घातलेला बांधच फुटला, असें मला वाटतें. पॅरिशचा पैसा त्या फुटलेल्या बांधावरून वाहणाऱ्या पाण्यांत मिसळला असेल. बांध त्यानें फोडला नाहीं.

मिसळला तरी किती, यावर विद्वानांत अद्याप एकमत नाहीं. मार्क ब्लाउग यानें १९६३ मध्यें, मदतीमुळें लोक आळशी व बहुप्रसव झाले ही सगळी समजूतच एक दंतकथा आहे असें प्रतिपादन केलें. जेम्स हुझेल यानें, ज्या पॅरिशांनीं मुलांमागचा भत्ता बंद केला तेथें लग्नें व जन्म कमी झाले काय हें तपासलें, तों घट आढळली नाहीं. उलट जॉर्ज बॉयर यानें आग्नेय परगण्यांतील पॅरिशांची तुलना करून, भत्ता देणाऱ्या गांवांत जन्मप्रमाण कांहींसें अधिक होतें असें दाखविलें. अशा वेळीं इतिहासाच्या अभ्यासकानें न्यायाधीशाचा आव आणण्यांत अर्थ नसतो. एवढें मात्र म्हणतां येईल कीं, परिणाम असलाच तर तो लहान होता. आणि त्याच्या नांवावर जो कायदा पुढें झाला तो मात्र फार मोठा होता.

तो कायदा १८३४ चा. नासाउ सीनियर व एडविन चॅडविक यांच्या लेखणींतून उतरलेल्या कमिशनच्या अहवालानें आधीं वातावरण तापविलें. नव्या कायद्याचें मुख्य सूत्र असें कीं, मदत घेणाऱ्याची स्थिति अगदीं हलक्यांतल्या हलक्या स्वतंत्र मजुराच्या स्थितीपेक्षांहि कमी प्रतीची असली पाहिजे. आणि धडधाकट माणसास मदत हवी असेल तर त्यानें वर्कहाउसच्या दारांतून आंत यावें. आंत गेल्यावर नवरा एका आवारांत, बायको दुसऱ्या, मुलें तिसऱ्या. सर्वांत वृद्ध जोडप्यांचे हाल मनाला लागतात. चाळीस वर्षें एका छपराखालीं काढलेलीं म्हातारा-म्हातारी भाकरीच्या बदल्यांत एकमेकांस अंतरलीं. साठीपुढील जोडप्यांना वेगळें करूं नये अशी सवलत मिळावयास १८४७ साल उजाडावें लागलें. ज्या कायद्याच्या कर्त्यांस विवाहाच्या पावित्र्याची व संयमाची एवढी चाड, त्यांनीं गरिबाचा विवाह दारावरच्या नोंदवहींत मोडून टाकावा, हा विसंवाद त्या काळच्या पुष्कळ पाद्र्यांच्याहि ध्यानांत आल्यावांचून राहिला नाहीं.

अनौरस मुलांविषयींचीं कलमें तर याहून विचित्र. १७३३ चा कायदा स्त्रीच्या शपथेवर पुरुषास पकडी. त्यामुळें मुली सधन माणसांचीं खोटीं नांवें घेतात व पॅरिशच्या पैशावर निर्लज्ज होतात, असा अहवालाचा आरोप होता. म्हणून मुलाचा भार सर्वस्वीं आईवर टाकण्यांत आला. बापाकडून वसूल करावयाचें असेल तर तें पॅरिशनें, वरच्या कोर्टांत, स्त्रीच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा देऊन. आणि वसूल झालेला पैसा आईच्या हातीं पडावयाचा नाहीं. स्त्रीस आपल्या शीलाची किंमत कळली म्हणजे ती सावध राहील, हा तर्क. कायदा करणाऱ्या सभागृहांत स्त्री एकहि नव्हती हें सांगावयास नकोच. परिणाम काय झाला? १८४० नंतरच्या सरकारी नोंदींत शंभरांतील सहासात जन्म अनौरस आढळतात. शील कायद्यानें सुधारल्याचें कोठेंहि दिसत नाहीं. वेल्समध्यें १८३९ ते १८४३ पर्यंत स्त्रीवेष घेतलेल्या शेतकऱ्यांनीं ‘रिबेका’च्या नांवानें जे दंगे केले ते मुख्यतः रस्त्यांवरील जकातनाक्यांविरुद्ध असले तरी त्यांच्या गाऱ्हाण्यांच्या यादींत हीं कलमेंहि होतीं. १८४४ मध्यें सरकार नमलें, आणि आईला स्वतःच्या नांवानें बापावर दावा लावून आठवड्यास अडीच शिलिंगांपर्यंत पोटगी मिळविण्याची सोय झाली.

या प्रकरणाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. माल्थस १८०५ पासून १८३४ मध्यें मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजांत इतिहास व अर्थशास्त्र यांचा अध्यापक होता. तें कॉलेज पुढें हेलीबरी येथें गेलें. हिंदुस्थानांत मुलकी अधिकारी म्हणून येणारीं पोरें त्याच्यापुढें बांकांवर बसत, व त्याला आपसांत ‘पॉप’ म्हणत. त्या एका वर्गावर सगळ्या दुष्काळी धोरणाचें खापर फोडणें योग्य होणार नाहीं. परंतु अर्थशास्त्राची ती परंपरा मुरली होती यांत संशय नाहीं. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यानें खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खालीं आणली, तेव्हां जानेवारी १८७७ मध्यें मुंबई इलाख्यांतील हजारों लोक कामें सोडून निघून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मदत आकर्षक होतां कामा नये, हें वर्कहाउसचेंच सूत्र. आणि १८८० च्या दुष्काळ कमिशननें तर स्पष्ट भीति दाखविली कीं, दुष्काळांत मदत मागण्याचा हक्क एकदां मान्य केला कीं तो सर्वकाळचा हक्क होऊन बसेल. म्हणजे वर्कहाउसचा कडकपणा आमच्याकडे आला, पण ज्या हक्कावर तो लादलेला होता तो हक्क मात्र आला नाहीं.

तिकडे इंग्लंडांत एक गोष्ट अशी घडली कीं जिची माल्थसला कल्पना नव्हती व असती तर ती त्यास रुचली नसती. १८७७ सालीं संततिनियमनाचें एक चोपडें छापल्याबद्दल चार्ल्स ब्रॅडलॉ व अॅनी बेझंट यांच्यावर खटला झाला. ह्याच बेझंटबाई पुढें आपल्याकडे येऊन काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. खटल्यानें त्या चोपड्याचा खप अफाट वाढला. त्या सुमारापासून इंग्लंडांतील जन्मप्रमाण जें घसरूं लागलें तें सरासरीनें स्त्रीमागें पांचांच्या आसपास असलेलीं मुलें १९३३ पर्यंत दोनांच्याहि खालीं आलीं. आणि याच काळांत वृद्धांस पेन्शन (१९०८), आजारपणाचा व बाळंतपणाचा विमा (१९११), विधवांस पेन्शन (१९२५) असें एकामागून एक साह्य वाढत होतें. मदत वाढली कीं मुलें वाढतात हा सिद्धान्त खरा असता तर पाळणे दुप्पट हलावयास हवे होते.

आतां भीति उलटी झाली. मुलें फार होतात ही चिंता जाऊन मुलें होत नाहींत ही चिंता आली. या वेळीं एलिनॉर रॅथबोन ही लिव्हरपूलची बाई पुढें आली. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या बायकांना सरकारकडून थेट भत्ता मिळे. लिव्हरपुलांत त्याच्या वांटपाचें काम तिनें पाहिलें होतें. नवरा खंदकांत आणि हातीं दर आठवड्यास ठरलेली रक्कम, अशा स्थितींत गरीब बाईचें घर कसें सुधारतें, मुलें कशीं अंग धरतात, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें. १९२४ च्या आपल्या ग्रंथांत तिनें असा सवाल केला कीं, मजुरी एकट्यालाहि तेवढीच व सहा मुलांच्या बापालाहि तेवढीच, मग मूल वाढविण्याच्या कामाचा मोबदला समाजानें कोणास व केव्हां द्यावयाचा? तो आईला द्या, असें तिचें उत्तर. हिंदुस्थानांतील बालविवाहाच्या प्रश्नांतहि तिनें लक्ष घातलें, त्यावर १९३४ मध्यें पुस्तक लिहिलें. परंतु १९२९ मध्यें लंडनच्या सभेंत श्रीमती धन्वंती रामराव यांनीं, आमचें घर आम्ही झाडूं, अशा अर्थाचें तिला सुनावलें होतें. मला दोघींचेंहि म्हणणें बरोबर वाटतें.

१९४५ मध्यें कुटुंबभत्त्याचें बिल आलें तें दुसऱ्या व पुढील प्रत्येक मुलामागें आठवड्यास पांच शिलिंग देण्याचें. बेव्हरिजनें आठ सुचविले होते. परंतु रक्कमेपेक्षां मोठा दोष असा कीं, पैसा बापाचा मानलेला होता. कित्येक वर्षें याच कामांत झिजलेली ती बाई उभी राहिली आणि असें असेल तर मी स्वतःच्या मागणीविरुद्ध मत देईन असें तिनें बजावलें. सभासदांस पक्षाचें बंधन न ठेवतां मत देऊं दिलें, आणि पैसा आईच्या नांवें झाला. पहिला हप्ता ६ ऑगस्ट १९४६ रोजीं वांटला गेला. रॅथबोन त्या वर्षाच्या २ जानेवारीस वारली होती.

बेव्हरिजच्या १९४२ च्या अहवालाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; त्यांतील एक कलम मात्र फारसें कोणाच्या लक्षांत नसतें. त्याच्या योजनेंत विवाहित स्त्री नवऱ्याच्या विम्याच्या छायेखालीं. तेव्हां नवऱ्यानें टाकलें तर? विधवेस पेन्शन, मग परित्यक्तेस कां नको? लग्न मोडणें हीहि संसारी स्त्रीच्या दृष्टीनें एक आपत्तीच आहे, आणि तिचा दोष नसेल तर विम्यानें ती भरून द्यावी, असें बेव्हरिजनें सुचविलें होतें. दोष कोणाचा हें ठरवावयाचें कोणीं, या अडचणीवर बोट ठेवून सरकारनें तें कलम गाळलें. १९४८ च्या कायद्याच्या पहिल्याच कलमानें एलिझाबेथकालीन गरिबांचा कायदा संपुष्टांत आला असें जाहीर केलें; आणि त्याच कायद्यान्वयें टाकलेल्या बायका विम्याच्या दारांतून नव्हे तर गरजेची चौकशी करणाऱ्या मदतीच्या दारांतून आंत आल्या. तेथें मदत मिळे. पण बाई एखाद्या पुरुषाबरोबर राहात असल्याचें आढळलें तर बंद होई. मग शेजाऱ्यांकडे विचारपूस, दाराशीं पुरुषाचे जोडे दिसतात काय, हें सारें आलेंच.

घटस्फोट मदतीमुळें वाढले, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. १९४७ सालीं इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें साठ हजार घटस्फोट झाले. त्यांत युद्धांतला दीर्घ वियोग, १९३७ चा सैल झालेला कायदा, व सैनिकांस मिळालेलें वकिलीचें साह्य यांचा वांटा उघड आहे. १९७१ मध्यें नवा घटस्फोटाचा कायदा अमलांत आला, त्या वर्षीं सुमारें चौऱ्याहत्तर हजार. दुसऱ्या वर्षीं एकोणीस हजार वर एक लाख. हीं लग्नें एका वर्षांत मोडलीं नाहींत. तीं कधींच मोडलेलीं होतीं. दार उघडल्यावर माणसें बाहेर पडलीं. मदतीनें एवढें केलें कीं, दारांतून बाहेर पडणारी स्त्री उपाशी मरणार नाहीं अशी सोय झाली. मार खाऊन राहण्यापेक्षां थोडक्या पैशांत वेगळें राहणें शक्य झालें, यास कोणी विवाहसंस्थेचा ऱ्हास म्हणत असेल तर तिचा पूर्वींचा भक्कमपणा कशावर उभा होता हें त्यानें एकदां तपासावें. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या नियमानें दोघें एकत्र राहिलीं तर मदत जाते व वेगळीं राहिलीं तर मिळते, त्या नियमाखालीं गरीब माणसें खरें सांगावयास कचरतात. नोंदवहींतील बिऱ्हाडें आणि वस्तींतील बिऱ्हाडें निराळीं पडतात. पैशानें मनें किती बदलतात हें सांगणें कठीण. पत्ते मात्र निश्चित बदलतात.

भत्ता आणि पाळणा यांचा मेळ विसाव्या शतकांतहि बसला नाहीं. १९६४ मध्यें स्त्रीमागें मुलांचें प्रमाण सुमारें २.९ पर्यंत चढलें. १९७७ मध्यें भत्ता पहिल्या मुलासहि मिळूं लागला, तें वर्ष नेमकें नीचांकाचें निघालें, सुमारें १.७.

आणि जुन्या कायद्यांचीं भुतें तर उतरावयास तयारच नाहींत. १९९१ मध्यें वेगळ्या राहणाऱ्या बापांस शोधून त्यांच्याकडून मुलांचा खर्च वसूल करण्याचा कायदा झाला व १९९३ पासून त्यासाठीं स्वतंत्र कचेरी काम करूं लागली. आईनें बापाचें नांव सांगावें, न सांगितल्यास तिची मदत कापावी, अशीहि तरतूद त्यांत होती. एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या व पुढील मुलामागें गरीब कुटुंबास मिळणारी विशेष मदत बंद करण्यांत आली. संसार पेलतील तेवढींच मुलें गरिबांनीं व्हावयास द्यावीं, असें समर्थन. शब्द नवे, पण हेलीबरीच्या वर्गांत ते कोणासहि अपरिचित वाटले नसते. अभ्यासकांनीं पुढें पाहिलें तों जन्मप्रमाणांत फारच अल्प फरक पडलेला; गरिबींत वाढणारीं मुलें मात्र वाढलीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठविण्याचा निर्णय सरकारनें जाहीर केला.

त्या मर्यादेला कांहीं अपवाद ठेवलेले होते. त्यांतला एक असा कीं, मूल बलात्कारांतून जन्मलेलें असेल तर तिसऱ्या मुलाचीहि मदत मिळावी. त्यासाठीं आईनें एक फॉर्म भरावयाचा. मूल तिच्या संमतीवांचून झालें आहे व ती आतां त्या पुरुषाबरोबर राहात नाहीं, असें त्यांत सांगावयाचें. आणि डॉक्टर किंवा समाजसेविका यांच्यासारख्या अधिकारी व्यक्तीनें त्यावर सही करावयाची. १७३३ सालीं हें विचारण्यास मॅजिस्ट्रेट लागत असे, व उत्तर शपथेवर द्यावें लागे.